दोघांपुरतं फडताळ

निवृत्तीला एकवीस महिने उरले होते, तेव्हा कार्यालयातून मला एक कागद मिळाला. नोकरी सुटल्यावर दरमहा हातात काय पडेल, त्याचा अंदाज त्यावर होता. आकडा पगाराच्या निम्म्याहून थोडा कमी. रात्री जेवणं झाल्यावर मी तो कागद यांच्यापुढे ठेवला. हे त्याच्या वर्षभर आधीच निवृत्त झाले होते, आणि त्यांचं निवृत्तिवेतन माझ्याहूनही लहान. दोन्ही आकड्यांची बेरीज केली आणि बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी खर्च लिहायला बसलो. घरभाडं, औषधं, वीज, विम्याचे हप्ते. यातल्या बहुतेक रकमा ठरलेल्या. खाण्याचा आकडा मात्र दर महिन्याला वेगळा निघत होता. एका महिन्यात होता त्याच्या पावणेदोन पट पुढच्या महिन्यात, आणि असं का, ते मला सांगता येईना. तीस वर्षं हे स्वयंपाकघर मी चालवलं, पण फडताळात आत्ता काय आहे असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. याची मला मनापासून लाज वाटली.

"अगं, आधी आत काय आहे ते बघू," हे म्हणाले. "काय आणायचं नाही ते आपोआप कळेल."

त्या रविवारी सकाळी फडताळ पूर्ण रिकामं केलं. एकेक कप्पा काढून, पुसून पुन्हा लावण्याची पद्धत मी याआधी कितीदा तरी वापरली होती. तिचा उपयोग होत नाही, कारण एकच जिन्नस तीन कप्प्यांत विखुरलेला असतो आणि तो कधीच एकत्र दिसत नाही. सगळं जमिनीवर एका चादरीवर मांडलं, सारखं सारख्याजवळ ठेवलं, तेव्हा कुठे चित्र दिसलं. मिठाच्या तीन पिशव्या, त्यातल्या दोन फोडलेल्या. मसुरीच्या चार पुड्या, प्रत्येकीत मूठ मूठ. चहाचे पाच डबे. घट्ट होऊन बसलेल्या मधाच्या दोन बाटल्या. टोमॅटोचे डबाबंद डबे अकरा. आणि ओट्सची मोठी काचेची बरणी, गळ्यापर्यंत भरलेली.

ओट्स आम्ही दोघंही खात नाही. ते मुलगी सकाळी खायची, आणि तिला घर सोडून सहा वर्षं झाली. तरी ती बरणी दरवर्षी मी निदान एकदा रिकामी करून पुन्हा भरत होते. चादरीवर ती बरणी बघितली आणि सगळ्या फडताळाचा उलगडा झाला. ते पाच माणसांसाठी लावलेलं होतं: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंनी तरुणपणी टंचाई पाहिली होती. जिन्नस संपायच्या आत दुसरा घरात आला पाहिजे, हा त्यांचा नियम होता, आणि पाच जणांच्या घरात तो योग्यही होता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. घरात दोन माणसं उरली, पण सामान घेणारा माझा हात अजून पाचांचंच माप धरत होता. त्या बरणीजवळ मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मग एकेक पिशवी उघडत गेलो. तांदळात सोंडे होते. या किड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. म्हणून चाळून, निवडून तांदूळ स्वच्छ दिसला तरी आतली अंडी तशीच राहतात आणि काही आठवड्यांनी किडे पुन्हा दिसू लागतात. बऱ्याचदा कीड पिशवीतूनच घरात येते. मी इतकी वर्षं उगाच माझ्या स्वच्छतेला दोष देत होते. पिठाच्या एका डब्यात जाळी धरली होती, ती पतंगाच्या अळीची. ही अळी मोठी झाली की पिठातून बाहेर पडते आणि कोष करायला आडोसा शोधते: कप्प्यावर अंथरलेल्या कागदाखाली, फळीच्या सांध्यात, झाकणाच्या आतल्या खाचेत. कागद उचलल्यावर तसे सात-आठ कोष निघाले. तेव्हापासून फळ्यांवर कागद घालणं मी बंद केलं.

साफसफाईबद्दल एवढंच सांगते की पाणी सगळ्यात शेवटी. आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळीने सांधे साफ केले, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसलं, आणि दारं उघडी टाकून फडताळ दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू दिलं. ओल राहिली तर बुरशीला आमंत्रण. कीटकनाशकाचा फवारा मी अन्नाच्या कपाटात मारत नाही.

टाकायच्या ढिगाचं वजन यांनी केलं. पाच किलो सातशे ग्रॅम भरलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ सालचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. म्हणजे घरांतून माणशी वर्षाला ७९ किलो. हा आकडा मी पूर्वी वाचला असता तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा आहे असं मला वाटलं असतं. कचऱ्याची पिशवी उचलताना माझ्या मनगटाला ओढ बसली.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट कळली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शेंगदाण्यांचा डबा यांनी उघडला, वास घेतला आणि "चांगले आहेत" म्हणून ठेवून दिला. मी उघडला तर खवट वास नाकात शिरला. वय वाढतं तसं नाक मंद होतं, हे ऐकून माहीत होतं, पण आमच्या घरात ते झालंय हे लक्षात आलं नव्हतं. उद्या माझंही तेच होईल. म्हणजे वास घेऊन ठरवायची जी पद्धत आयुष्यभर चालली, ती पुढे पुरणार नाही. म्हणून आता प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून त्यावर घरी आणल्याची आणि फोडल्याची तारीख लिहितो, जाड मार्करने, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात.

छापील तारखांमध्येही फरक असतो. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटली म्हणून कोरडा जिन्नस लगेच विषारी होत नाही. 'यूज बाय' मात्र सुरक्षिततेची तारीख, ती पाळायचीच. मीठ आणि साखर कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकतात. घट्ट झालेला मध बिघडलेला नसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो, आमच्या दोन्ही बाटल्या तशाच वापरात आल्या. डबाबंद डब्याच्या बाबतीत मात्र मी जराही धोका पत्करत नाही. डबा फुगलेला असेल, गळत असेल किंवा शिवणीवर चेपला असेल, तर चव न घेता टाकून द्यायचा. त्यातल्या जिवाणूचं विष चवीला किंवा वासाला कळेलच असं नाही.

मांडणी करताना आमचं पहिलं भांडण झालं. यांना सगळं अक्षरक्रमाने हवं होतं. मला ते पटेना. फडताळात हात रोज जातो तो पोटापासून छातीपर्यंतच्या उंचीला, आणि पुढची वीस वर्षं तिथेच जाणार आहे. स्टुलावर चढून वरचा डबा काढण्याचे दिवस संपत आलेत, हे मान्य करून मांडणी करायला हवी होती. शेवटी असं ठरलं: जड आणि रोजचं कमरेच्या उंचीला, हलकं आणि क्वचित लागणारं खांद्याच्या उंचीला, सगळ्यात वरचा कप्पा मोकळा. तेल आणि मसाले शेगडीशेजारच्या कप्प्यातून काढले, कारण उष्णतेने आणि उजेडाने तेल लवकर खवट होतं आणि मसाल्याचा सुगंध उडतो. मसाले आता अख्खे आणतो आणि लागतील तेवढे कुटतो. पूड त्यांच्या मानाने फार लवकर निष्प्राण होते.

बरण्यांच्या बाबतीत माझी चूक झाली. उत्साहाच्या भरात मी जड काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बारा मोठ्या बरण्या आणल्या. दिसायला सुंदर होत्या. महिन्याभरात माझ्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला, आणि भरलेली बरणी एका हाताने उचलणं जमेना. पैसे वाया गेले. आता वापरतो ते हलके, पारदर्शक, चौकोनी डबे, झाकण दाबून बसणारे, एक-दीड किलोपेक्षा मोठे नाहीत. चौकोनी अशासाठी की गोल बरण्यांच्या मध्ये जागा फुकट जाते. नवं आलं की ते जुन्यावर ओतायचं नाही. डबा रिकामा करायचा, पुसून कोरडा करायचा आणि मग भरायचा. तळाशी वर्षानुवर्षं राहिलेला थर हेच आमच्या किडीचं घर होतं. दोन डबे असतील तर नवा मागे, जुना पुढे.

नवीन आलेलं पीठ आणि तांदूळ आता आधी फ्रीझरमध्ये जातात. उणे १८ अंशांत निदान चार दिवस ठेवलं की अंडी आणि अळ्या मरतात. मी आठवडा जाऊ देते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं आणि कीड गेली तरी बुरशी येते. पहिल्या खेपेला घाईत मी तेच केलं होतं.

दुसरी चूक मोठी होती. मोठ्या पोत्यात किलोमागे भाव कमी पडतो, म्हणून निवृत्तीची तयारी समजून मी हातसडीच्या तांदळाचं मोठं पोतं घेतलं. पांढरा तांदूळ कोरड्या जागी वर्षानुवर्षं राहतो. हातसडीच्या तांदळावर मात्र कोंड्याचा थर असतो, त्यात तेल असतं, आणि ते काही महिन्यांतच खवट होऊ लागतं. कोंड्यासकट दळलेल्या पिठाचंही तसंच. दोन माणसांनी ते पोतं संपवायला वर्ष लागलं असतं. निम्मं ओळखीच्यांत वाटलं म्हणून वाचलं. आता कुठलाही जिन्नस घेताना एकच प्रश्न विचारतो: आम्ही दोघं हा किती दिवसांत संपवतो? त्याचं उत्तर वहीत असतं, कारण डबा भरला की तारीख, संपला की तारीख, एवढं हे नेमाने लिहितात. दोन महिन्यांत संपणारं मोठ्या पिशवीत, संपायला त्याहून जास्त दिवस लागणारं लहान पिशवीत, मग किलोमागे भाव जास्त पडला तरी चालेल.

सगळं लावून झाल्यावर आम्ही ठरवलं की ताजी भाजी, फळं, दूध आणि अंडी सोडून काहीही विकत आणायचं नाही, आहे ते संपेपर्यंत. मला वाटलं होतं तीन आठवडे निघतील. सात आठवडे निघाले. त्या सात आठवड्यांत आम्ही बरंच शिकलो. जुनं राजमा कितीही शिजवलं तरी कच्चंच राहायचं. उष्ण आणि दमट जागी फार दिवस पडलेल्या कडधान्याचं असं होतं, ते मऊच होत नाही. रात्री मिठाच्या पाण्यात भिजवायला लागले तेव्हा फरक पडला. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल नरम पडते. टोमॅटो मी आधीच घालायचे, तीही चूक, कारण आंबट पदार्थ दाणा मऊ होऊ देत नाही. तो शेवटी घालायचा. राजम्याचं आणखी एक: भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळून उकळायचंच, मी अर्धा तास उकळते. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक द्रव्य असतं, आणि मंद आचेवर शिजवणाऱ्या भांड्यात ते नष्ट होईलच असं नाही.

सात आठवड्यांनी फडताळ रिकामं दिसायला लागलं, तेव्हा मला रात्री झोप येईना. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पैसे होते, बाजार उघडा होता, तरी रिकामा कप्पा बघून पोटात खड्डा पडायचा. एका रात्री उठून मी दिवा लावला आणि डबे मोजले. हे मागून आले. काही न बोलता वही काढली आणि उरलेल्या सामानात किती दिवस निघतील ते लिहून दाखवलं. एकवीस दिवस. मग मी झोपले. अजूनही आम्ही तीन आठवड्यांचं कोरडं सामान कायम घरात ठेवतो. त्याहून जास्त नाही. आजारपण, पाऊस, काही अडचण आली तर तेवढं पुरेल, आणि मला झोपही लागेल.

त्यानंतर खरी परीक्षा सुरू केली. पगार चालू असतानाच, निवृत्तीनंतर जेवढं येईल तेवढ्यातच महिना काढायचा आणि उरलेलं वेगळ्या खात्यात टाकायचं. ज्यांची निवृत्ती जवळ आहे त्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण चुकायचंच असेल तर पगार हातात असताना चुकलेलं बरं. पहिल्या महिन्यात पंधरवड्यातच पैसे संपले. दुसऱ्यात चार दिवस आधी. तिसऱ्यात जमलं, आणि मला फार अभिमान वाटला.

चौथ्या महिन्यात यांची पँट सैल झाली. वजन केलं तर अडीच किलो उतरलं होतं. दोन जिने चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि मग त्यांनी रोज काय खाता ते विचारलं. मी वही पुढे केली. वहीत सगळं स्पष्ट दिसत होतं. हिशेब बसवताना मी डाळी, अंडी आणि दूध कमी करत गेले होते आणि त्यांची जागा भात, पीठ आणि बटाट्याने भरत गेले होते. पोट भरत होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि त्यामुळे प्रथिनांची गरज कमी न होता वाढते. तरुण माणसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम पुरतात. २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीच्या पुढच्यांसाठी रोज १ ते १.२ ग्रॅम सुचवले आहेत. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साठ ते बहात्तर ग्रॅम. आमचा हिशेब केला तर यांच्या पोटात चाळीसही जात नव्हते. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे आकडे स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.)

"अहो, तुम्ही बोलला का नाही?" मी घरी येताना विचारलं.

"तू इतकी मन लावून करत होतीस," ते म्हणाले.

त्या वाक्याने मला जितकं दुखावलं तितकं त्या कागदावरच्या आकड्यानेही दुखावलं नव्हतं. मी काटकसर करत होते ती ताटातून. टाकलेल्या पाच किलो सातशे ग्रॅमला आळा घालून जे वाचत होतं, त्यावर थांबायला हवं होतं. घरी येऊन आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या: डाळ-कडधान्य, अंडी-दूध, भाजी-फळं. या तीन ओळींचे पैसे महिना सुरू होताच बाजूला काढायचे, आणि कात्री लावायचीच असेल तर ती उरलेल्यात. उरलेल्यात खूप काही होतं. पाकीटबंद खाऊ, गोड पेयं, कंटाळा आला म्हणून बाहेरून मागवलेलं जेवण. हे शेवटचं तर एकटंच खाण्याच्या खर्चाचा पाचवा हिस्सा खात होतं. त्याचं कारणही फडताळच होतं: संध्याकाळी थकून आल्यावर ते उघडलं की काय करावं ते सुचायचं नाही. आता एका कप्प्यात अर्ध्या तासात होणाऱ्या चार जेवणांचं सामान एकत्र ठेवलेलं असतं. यांनी त्यातली तीन जेवणं शिकून घेतली आहेत. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जातो, भांड्यात तसाच पडून राहत नाही.

यांचं वजन पाच महिन्यांत परत आलं. त्या महिन्यांत खाण्याचा खर्च थोडा वाढला आणि तिथेच स्थिरावला, पूर्वीच्या सरासरीच्या साधारण दोन तृतीयांशावर.

मुलगी मागच्या महिन्यात चार दिवस येऊन गेली. सकाळी उठून सवयीने फडताळ उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"आई, माझी बरणी?"

बरणी वरच्या मोकळ्या कप्प्यात होती, रिकामी, धुऊन पुसून उपडी ठेवलेली. ती येणार म्हणून आदल्या दिवशी मी ओट्सची एक लहान पुडी आणून ठेवली होती. ती तिने बरणीत ओतली. बरणीचा तळही जेमतेम झाकला गेला. चार दिवसांत पुडी संपली, जाताना बरणी तिनेच धुतली आणि वर ठेवली. उंची तिची आहे, माझा हात आता तिथे पोचत नाही.

माझ्या निवृत्तीला पाच महिने आहेत. आज महिन्याचा पहिला रविवार, यांनी डबे तपासून यादी केली आहे: चहा, मसूर, मीठ, तेल. मिठापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलंय. मी जाऊन बघते.